शूबिल: न हलणाऱ्या पक्ष्याकडे नीट पाहताना

काचेपलीकडे तो उभा होता आणि मी घड्याळ लावून त्याच्याकडे बघत होतो. पहिली दहा मिनिटं काहीही घडलं नाही. शाळेच्या सहलीतली मुलं आली. त्यातल्या एकाने "हा पुतळा आहे" असं ठामपणे जाहीर केलं आणि सगळी पुढच्या पिंजऱ्याकडे पळाली. सतराव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यावरून एक पांढुरका पडदा सरकला आणि परत गेला. मग पुन्हा शांतता.

माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी उंची, राखाडी-निळसर पिसं, डोक्यामागे छोटासा तुरा, फिकट डोळे आणि तोंडाच्या जागी लाकडातून कोरून बसवल्यासारखा एक जाडजूड जोडा. हा शूबिल, म्हणजे बुटासारख्या चोचीचा. अरबी भाषेत त्याला अबू मरकूब म्हणतात, म्हणजे जोड्याचा बाप. 1850 मध्ये इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं बॅलॅनिसेप्स रेक्स. अर्थ असा की देवमाशाच्या डोक्याचा राजा. नाव ठेवणाऱ्यालाही ती चोच पाहून नेमकं काय म्हणावं हा प्रश्न पडला असणार.

इंटरनेटवर या पक्ष्याचे व्हिडिओ भरपूर फिरतात. "जिवंत डायनासोर", "जगातला सर्वात भयंकर पक्षी" असे मथळे त्यांना असतात. ते बघून लोक प्राणिसंग्रहालयात जातात, दोन मिनिटं थांबतात, तो हलत नाही म्हणून कंटाळून निघून जातात. मला हे मनापासून खटकतं. कारण तो का हलत नाही, हे एकदा समजलं की त्याचं खाणं, त्याचं घर, त्याची पिल्लं आणि त्याच्यावर आलेलं संकट हे सगळं आपोआप उलगडत जातं.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. शूबिल फक्त आफ्रिकेत आढळतो, तोही मध्य आणि पूर्व भागातल्या गोड्या पाण्याच्या मोठ्या दलदलींमध्ये. दक्षिण सुदानमधली सुद्द ही त्यातली सर्वात विशाल. त्याखेरीज युगांडा, झांबियातला बांग्वेउलूचा पाणथळ प्रदेश, पश्चिम टांझानियातलं मलागरासीचं खोरं, काँगोचा पूर्व भाग आणि आसपासच्या देशांमधले काही तुकडे. या दलदलींवर पपायरस नावाचं उंच लव्हाळं आणि इतर पाणवनस्पती अशा दाटीने वाढतात की खालचं पाणी दिसत नाही. वनस्पती मरतात, पाण्यात कुजतात, आणि कुजताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरला जातो. वरून हिरवं आच्छादन असल्यामुळे हवा आणि ऊन आत पोचत नाहीत, वारा पाणी ढवळत नाही. परिणामी पाणी गुदमरतं.

अशा पाण्यात साध्या माशाचा निभाव लागत नाही. टिकतात ते हवेतून श्वास घेऊ शकणारे. लंगफिश हा त्यातला मुख्य. नावाप्रमाणे त्याला खरोखर फुप्फुसं असतात आणि ठरावीक वेळाने त्याला पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. मांगूरच्या जातीचे काही मासेही असेच वर येतात. मासा कितीही मोठा आणि सावध असला तरी ही एक गोष्ट तो टाळू शकत नाही. कधी ना कधी तो वर येणार, आणि वनस्पतींच्या दाटीत जिथे फट असेल तिथेच येणार.

शूबिल त्या फटीपाशी उभा असतो.

पाठलाग करण्यात इथे अर्थ नाही, कारण पाय हलला की तरंगतं गवत हलतं आणि खाली खबर जाते. म्हणून तो उभा राहतो, चोच छातीकडे खाली झुकवून. सहसा पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. शूबिलचे डोळे बऱ्यापैकी पुढच्या बाजूला वळलेले आहेत, त्यामुळे समोरचं अंतर त्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून जोखता येतं. पायाची बोटं इतकी लांब की मधलं बोट सतरा-अठरा सेंटीमीटर भरतं. बोटांमध्ये पडदा नसतो, पण या पसरट पावलांमुळे चार ते सात किलोचं शरीर तरंगत्या वनस्पतींवर तोललं जातं आणि तो बुडत नाही.

मग एका क्षणी पाण्यात हालचाल होते. इथे बगळा आणि शूबिल यांच्यातला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. बगळा मान भाल्यासारखी फेकतो आणि शरीर मागे सावरून ठेवतो. शूबिलची मान आखूड आणि डोकं जड, त्यामुळे तो अख्खाच्या अख्खा कोसळतो. डोकं, मान, धड, सगळं एकदम पुढे. पंख उघडतात, पाणी उडतं, आणि क्षणभर तिथे पक्षी पडला की काय असंच वाटतं. ते जड डोकं म्हणजेच त्याचं वजन, त्याचा घणाचा घाव. नेम चुकला तर सावरून दुसरा वार लगेच करता येत नाही. एवढ्या खटाटोपात सगळं पणाला लागतं, म्हणून आधीची वाट बघणं इतकं लांबतं.

आता चोच. एवढी रुंद कशासाठी? तो कोसळतो तेव्हा माशासोबत मूठभर चिखल, गवत, मुळं असं सगळंच तोंडात येतं. अणकुचीदार चोचीच्या पक्ष्याला त्या गुंत्यात मासा नेमका टोचणं जमलं नसतं. शूबिल सरळ सगळा घास उचलतो. नंतर पंखांच्या आणि चोचीच्या आधाराने उठून उभा राहतो, डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत कचरा कडेने गळू देतो. चोचीच्या कडा धारदार असतात आणि टोकाला खाली वळलेला आकडा असतो. मासा निसटत नाही, बरेचदा त्याचं डोकं तिथेच छाटलं जातं, आणि उरलेला सबंध घशाखाली जातो. बेडूक, पाणसाप, घोरपडीची पिल्लं, कधी मगरीचं लहान पिल्लू, हेही त्याच्या आहारात आहे. व्हिडिओंना मगरीचं पिल्लू आवडतं. त्याचं पोट मात्र मुख्यतः माशांवर चालतं.

म्हणजे प्राणिसंग्रहालयातल्या त्या मुलाला जो पुतळा वाटला, तो आपलं रोजचं काम करत होता. जपानमध्ये टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात शूबिल "न हलणारा पक्षी" म्हणूनच प्रसिद्ध झाला. तिथले लोक कॅमेरे लावून तो हलण्याची तासन् तास वाट बघतात. ही मला त्याला भेटण्याची फार योग्य रीत वाटते. तो माशाची वाट बघतो तशी आपण त्याची बघायची.

हा नक्की कोणाचा नातलग, यावरही शास्त्रज्ञ बराच काळ अडखळले. उंच पाय आणि मोठी चोच बघून तो करकोच्यांत गणला गेला. करकोच्यासारखाच तो उकाड्यात स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडतो. तिच्यातला ओलावा वाळताना पाय गार होतात, म्हणून त्याचे पाय अनेकदा चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात. उडताना मात्र तो मान आखडून घेतो, ही तऱ्हा बगळ्याची. 1957 मध्ये पॅट्रिशिया कॉटम यांनी त्याच्या हाडांचा अभ्यास करून पेलिकनशी असलेलं साम्य दाखवून दिलं आणि पुढे डीएनएच्या तपासणीने तोच धागा पक्का केला. आज त्याचे जवळचे भाऊबंद म्हणून पेलिकन आणि आफ्रिकेतलाच हॅमरकॉप नावाचा पक्षी मानले जातात. स्वतःच्या कुळात तो एकटा आहे. शूबिल गेला तर अख्खं कूळ जाईल. डायनासोरबद्दल म्हणाल, तर चिमणीसुद्धा त्याच वंशातली. शूबिलला फक्त तो वारसा चेहऱ्यावर लपवता येत नाही, एवढंच.

एकटेपणा त्याच्या स्वभावातही आहे. नर आणि मादी जोडीने राहत असले तरी शिकार एकेकटे करतात आणि एकमेकांपासून लांब उभे राहतात. एका जोडीला काही चौरस किलोमीटरचा इलाखा लागतो. आवाज जवळजवळ नाहीच. घरट्यापाशी आणि जोडीदाराला भेटताना मात्र ते मान खाली झुकवतात आणि चोचीचे दोन भाग एकमेकांवर वेगाने आपटून खडखडाट करतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो मशिनगनसारखा वाटतो. प्राणिसंग्रहालयातले शूबिल ओळखीच्या माणसासमोरही असेच झुकतात. लोकांना हा नमस्कार वाटतो आणि ते भारावून जातात. मलाही ते पाहून आनंद झाला होता. पण या झुकण्यामागे एक दुःखद गोष्ट दडलेली असते, तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी घरटं. दलदलीतलं पाणी ओसरू लागलं की जोडी तरंगत्या किंवा अर्धवट बुडालेल्या वनस्पतींवर गवताचा सपाट ओटा रचते. खालचा भाग हळूहळू पाण्यात दबत जातो, म्हणून वरून सतत नवी भर घालावी लागते. अंडी एक ते तीन, बहुतेक वेळा दोन. महिनाभर आईबाप आळीपाळीने उबवतात. आफ्रिकेतल्या उघड्या दलदलीत ऊब देण्याइतकंच अंडी गार ठेवणं महत्त्वाचं असतं. इथे ती चोच पुन्हा कामाला येते. पक्षी पाण्यात जातो, चोच भरतो, घरट्याकडे येतो आणि हंड्यातून पाणी ओतावं तसं अंड्यांवर ओततो. कधी ओलं गवत आणून अंड्यांभोवती लावतो. माशाचं डोकं छाटणारी चोच तीच, आणि अंड्यावर अलगद पाणी सोडणारी चोचही तीच. मला विचाराल तर शूबिलचा एकच व्हिडिओ बघायचा असेल तर हा बघा.

पुढचा भाग कठोर आहे. अंडी काही दिवसांच्या अंतराने फुटतात. थोरलं पिल्लू आधी जन्मतं, आधी खातं, आधी वाढतं. धाकटं आलं की थोरलं त्याला टोचतं, घरट्याच्या कडेला रेटतं. आईबाप मध्ये पडत नाहीत. अन्न आणि पाणी थोरल्याच्याच चोचीत जातं. धाकटं बहुधा जगत नाही.

क्रौर्य म्हणून याच्याकडे बघू नये. दलदलीत एका मोसमात एकच पिल्लू पोसता येईल एवढंच अन्न सहसा मिळतं. दुसरं अंडं असतं ते पहिलं फुटलं नाही किंवा थोरलं दगावलं तर हाताशी असावं म्हणून. जो पक्षी 35 वर्षांपर्यंत जगू शकतो, त्याला हा हिशोब परवडतो. घरट्यातून बाहेर पडायला पिल्लाला साडेतीन महिन्यांच्या आसपास लागतात, त्यानंतरही काही काळ आईबाप भरवतात, आणि ते स्वतः जोडी जमवण्याच्या वयाला यायला तीन-चार वर्षं जातात. एक जोडी वर्षाला फार तर एक पिल्लू वाढवते, काही वर्षं तेही नाही.

या संथ हिशोबात माणसाने हात घातला की काय होतं, ते आता सहज कळेल. ज्या जातीची मादी दरवर्षी दहा पिल्लं घालते, तिच्यातली चार चोरीला गेली तरी जात तग धरते. शूबिलच्या घरट्यातून एक पिल्लू उचललं की त्या जोडीचं अख्खं वर्ष गेलं.

आणि पिल्लं उचलली जातात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत शूबिल असुरक्षित गटात आहे. रानात प्रौढ पक्ष्यांची संख्या 3,300 ते 5,300 असावी असा अंदाज आहे आणि ती घटते आहे. त्याचं नाव सायटीस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे व्यापारावर सरसकट बंदी नाही, पण निर्यातीचा परवाना लागतो आणि निर्यातीमुळे रानातल्या संख्येला धोका नाही असं त्या देशाने ठरवावं लागतं. कागदावर हे ठीक वाटतं. दुर्गम दलदलीत अंडं किंवा पिल्लू कोणी उचललं हे बघायला कागद जात नाही. पलीकडे खाजगी संग्रहासाठी हजारो डॉलर मोजणारे बसलेले असतात, आणि अलीकडच्या टोकाला मासे विकून जगणारा एखादा गरीब माणूस असतो. मला राग येतो तो पलीकडच्यांचा.

व्यापार हे एक संकट. दुसरं, आणि दूरवर पाहता मोठं, म्हणजे दलदलच नाहीशी होणं. पाणी ओसरल्यावर कोरड्या मोसमात चराईसाठी, मासेमारीची वाट मोकळी करण्यासाठी गवताला आगी लावल्या जातात, आणि घरट्यातल्या पिल्लाला तेव्हा उडता येत नसतं. गुरांच्या कळपांखाली घरटी तुडवली जातात. दक्षिण सुदानमध्ये वर्षानुवर्षांची युद्धं आणि तेलाचे उद्योग. त्याच सुद्दमध्ये 1978 मध्ये जोंगलेई कालवा खणायला सुरुवात झाली होती. श्वेत नाईलचं पाणी दलदलीत पसरून वाफ होऊन वाया जातं, म्हणून ते 360 किलोमीटरच्या कालव्यातून थेट पुढे न्यायचं, अशी कल्पना. सुमारे 240 किलोमीटर खोदून झाल्यावर युद्धामुळे 1983-84 च्या सुमारास काम थांबलं. "वाया जाणारं पाणी" हा शब्दप्रयोग नीट बघा. ज्याला तो वाया म्हणतो, त्या पाण्यावर लंगफिश जगतो, लंगफिशवर शूबिल जगतो आणि तिथली माणसंही जगतात.

आता प्राणिसंग्रहालयांकडे वळू. जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांमध्ये शूबिल मोजकेच आहेत आणि त्यातले बहुतेक रानात जन्मलेले. बंदिवासात पिल्लं जन्मल्याची उदाहरणं बोटांवर मोजता येतील. बेल्जियममधल्या पायरी डायझा इथे 2008 मध्ये पहिल्यांदा पिल्लं बाहेर आली. त्यानंतर 2009 च्या शेवटी अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या प्राणिसंग्रहालयात एक पिल्लू जन्मलं. एवढ्या वर्षांच्या प्रयत्नांनंतरचं हे फळ.

अडतं कुठे? नर आणि मादी दिसायला इतके सारखे की कोण कोण आहे हे खात्रीने ठरवायला पिसाची डीएनए तपासणी करावी लागते. जोडी जमली तरी काही चौरस किलोमीटरमध्ये लांब लांब राहणारे दोन पक्षी एका आवारात ठेवले की भांडतात. आणि तो मघाचा नमस्कार. पिल्लू लहानपणीच घरट्यातून उचललं गेलं आणि माणसाच्या हातून खात वाढलं, तर आपण कोण आहोत याचा ठसा त्याच्या मनात माणसाला बघून उमटतो. मोठेपणी ते स्वतःच्या जातीच्या पक्ष्याकडे दुर्लक्ष करतं आणि सांभाळणाऱ्या माणसासमोर मान झुकवून चोच वाजवतं. जे जोडीदाराला द्यायचं, ते तो माणसाला देत असतो. आपण त्याला शिष्टाचार समजून टाळ्या वाजवतो.

म्हणून प्राणिसंग्रहालयं बंद करा, असं मी म्हणणार नाही. काचेपलीकडे तो दिसला नसता तर मी ही दलदल नकाशावर शोधायलाही गेलो नसतो. पण तिथे ठेवलेले पक्षी म्हणजे रानासाठीचा राखीव साठा, हा समज मनातून काढून टाकायला हवा. प्राणिसंग्रहालयाला विचारावेत असे प्रश्न साधे आहेत. हा पक्षी कुठून आला? केव्हा? आफ्रिकेतल्या कोणत्या पाणथळीच्या संरक्षणासाठी तुम्ही पैसे देता? चांगली संस्था याची उत्तरं फलकावरच लिहून ठेवते. आणि पाळीव शूबिल म्हणून फिरणारा व्हिडिओ पुढे पाठवू नका. आवड वाढली की मागणी वाढते, आणि मागणीचा शेवट कुठल्या तरी घरट्यापाशी होतो.

खरं रक्षण चाललं आहे ते दलदलीतच. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मबांबा नावाची पाणथळ आहे. तिथल्या कोळ्यांमध्ये शूबिल अपशकुनी मानला जायचा. तो दिसला की त्या दिवशी मासे मिळत नाहीत, म्हणून त्याला मारून टाकायचे. 2006 मध्ये मबांबाला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, आणि शूबिल पाहायला परदेशी पर्यटक येऊ लागले. त्याच कोळ्यांच्या होड्या आता पर्यटकांना घेऊन लव्हाळ्यांमधल्या अरुंद वाटांनी जातात. ज्याच्या दिसण्याने दिवस वाया जायचा, त्याच्या दिसण्यावर आता दिवसाची कमाई ठरते.

झांबियाच्या बांग्वेउलूमध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं गेलं आहे. तिथे माणसं पाणथळीतच राहतात, मासेमारी करतात, आणि 2008 पासून आफ्रिकन पार्क्स ही संस्था स्थानिक समाज आणि सरकार यांच्यासोबत तिथलं व्यवस्थापन बघते. शूबिलचं घरटं सापडलं की तिथल्याच मासेमारांना त्याचे राखणदार नेमतात. पिल्लू उडून जाईपर्यंत ते आग, चोर आणि ये-जा करणारे लोक यांच्यापासून घरटं राखतात आणि त्याचा मोबदला घेतात. दलदलीच्या वाटा, पाण्याची चढ-उतार, पक्ष्याची बसायची जागा हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. पूर्वी घरटं शोधून काढणारी नजरही बरेचदा याच गावांमधली होती.

2022 मध्ये तिथेच एक संगोपन केंद्र सुरू झालं, आणि तिथे येतं ते धाकटं पिल्लू. नाहीतरी जे घरट्यात मरणार होतं, ते वेळेवर उचलून आणायचं. थोरलं आईबापांकडेच वाढतं, त्यामुळे रानातलं काहीच कमी होत नाही. सांभाळणारी माणसं अंगावर राखाडी आच्छादन घेतात, माणसाचा आकार आणि चेहरा झाकतात, आणि हातात शूबिलच्या डोक्याची बाहुली घालून तिच्या चोचीतून मासा भरवतात. पिल्लासमोर कोणी बोलत नाही. उचकी लागल्यासारखा आवाज काढत ते मागत राहतं, मोठी राखाडी चोच खाली येते, मासा देते आणि वर जाते. एवढीच त्याची माणसांशी ओळख. मोठं झाल्यावर त्याने कोणासमोरही झुकू नये, झुकायचं तर दुसऱ्या शूबिलसमोर.